वाचणे, ऐकणे, गाणे, पाहणे : मराठी ख्रिस्ती समाज आणि बायबलची संहिता

१

नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाचा विचार करू लागल्यास दोन ठिकाणे प्रथम डोळ्यांसमोर येतात. एक शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०नंतरच्या दशकात वसवलेली ही ख्रिस्ती वसाहत. शाळा, कार्यशाळा आणि चर्च यांच्याभोवती ती उभी राहिली, आणि अक्षरओळख हा तेथील धर्मशिक्षणाचा पाया होता. दुसरे ठिकाण नाशिक रोडचे बाळ येशूचे देवालय. दर फेब्रुवारीत तेथे भरणाऱ्या यात्रेला वसई, मुंबई, गोवा आणि महाराष्ट्राच्या अन्य भागांतून कॅथलिक भाविक येतात. ख्रिस्तेतरही मोठ्या संख्येने येतात. नवस बोलणे, मेणबत्ती लावणे, मूर्तीचे दर्शन घेणे, मिस्सा ऐकणे हा या यात्रेचा क्रम. शरणपूरच्या परंपरेतील भाविकाच्या हातात पुस्तक असते, तर नाशिक रोडच्या भाविकाच्या हातात बहुधा मेणबत्ती. एकाच शहरातील या दोन दृश्यांवरून आपण सहज असा निष्कर्ष काढतो की पहिला समाज बायबल वाचणारा आणि दुसरा न वाचणारा.

हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वरवर पाहता धर्मसमाजशास्त्राचा वाटेल. परंतु ‘वाचन’ म्हणजे काय, ‘वाचक’ कोणाला म्हणावे आणि संहिता नेमकी कोठे असते, हे त्यातील मूळ प्रश्न साहित्यसिद्धान्ताचे आहेत. मराठीत वाचककेंद्री समीक्षेची चर्चा बरीच झाली, पण तिचा वाचक जवळजवळ नेहमीच एकटा, साक्षर आणि मौन वाचन करणारा असा गृहीत धरलेला आहे.

तेच गृहीतक धार्मिक पाहण्यांतही आढळते. अमेरिकन बायबल सोसायटी २०११पासून दरवर्षी आपल्या देशातील बायबल-व्यवहाराची पाहणी प्रसिद्ध करते. तिच्या व्याख्येनुसार, जो चर्चमधील उपासनेच्या बाहेर, स्वतःहून, वर्षातून किमान तीन-चार वेळा बायबल वाचतो, ऐकतो किंवा त्याच्या आधारे प्रार्थना करतो, तो बायबलचा उपयोग करणारा. या व्याख्येत ऐकण्याला स्थान आहे, हे तिचे औदार्य म्हणावे लागेल. परंतु ‘उपासनेच्या बाहेर’ आणि ‘स्वतःहून’ या दोन अटी निर्णायक आहेत. सामूहिक उपासनेत घडणारा शास्त्राशी संबंध या मोजणीत धरलाच जात नाही. एका विशिष्ट परंपरेची सवय येथे सर्वांसाठी मापदंड झालेली दिसते. मराठी ख्रिस्ती समाजांना हा मापदंड लावला तर काय सुटून जाते, ते आता पाहू.

२

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात एक प्रसंग इतक्या वेळा येतो की त्याला रूढ आकृतिबंध म्हणता येईल. त्याला आपण ‘वाचनप्रसंग’ म्हणू. जिज्ञासू, बहुधा उच्चवर्णीय तरुणाच्या हाती ख्रिस्ती शास्त्राचा एखादा भाग पडतो. तो एकांतात वाचतो. मनात खळबळ होते. आणि तेथून धर्मांतराची वाट सुरू होते. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात पुस्तके, पत्रके आणि शाळेतील शास्त्रपाठ यांना मध्यवर्ती स्थान आहे. पंडिता रमाबाईंना लूकचे शुभवर्तमान प्रथम भेटले ते सिल्चर येथे, आपल्याच पुस्तकसंग्रहात, बंगाली भाषेत. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून. तो वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या तिन्ही हकिगती खऱ्या आहेत, आणि त्यांचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की हे वाचक पुस्तकाशी झुंजण्याची तयारी आधीच करून आले होते. रमाबाईंना पुराणे मुखोद्गत होती. टिळकांचे संस्कृत अध्ययन नाशिकलाच झाले होते. ग्रंथ हे प्रमाण आहे, त्याचा अर्थ लावता येतो आणि तो लावण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही त्यांची धारणा ख्रिस्ती होण्यापूर्वीचीच होती. हान्स रॉबर्ट याउस ज्याला ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हणतो, ते या वाचकांच्या बाबतीत ब्राह्मणी ग्रंथपरंपरेने घडवलेले होते. प्रॉटेस्टंट मिशनची ‘प्रत्येकाच्या हाती शास्त्र’ ही भूमिका आणि ही परंपरा यांची गाठ पडली आणि वाचनप्रसंग जन्माला आला.

पुढे हाच प्रसंग मराठी ख्रिस्ती अनुभवाचा प्रातिनिधिक नमुना मानला गेला. वाङ्मयेतिहासकारांनी तीच नावे, तीच पुस्तके पुढे आणली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावोगावच्या महार आणि मांग कुटुंबांनी समूहाने केलेले धर्मांतर या नमुन्यात बसत नव्हते. त्यांच्याकडे सांगण्यासारखा वाचनप्रसंग नव्हता, कारण वाचन हीच गोष्ट त्यांना शतकानुशतके नाकारलेली होती. परिणामी संख्येने मोठा असलेला समाज वाङ्मयेतिहासात केवळ पार्श्वभूमी म्हणून उरला.

आणि या नमुन्याच्या आतही भेगा आहेत. रमाबाईंचेच उदाहरण घेऊ. त्यांनी आपल्या साक्षीत सांगितलेला निर्णायक क्षण एकांतातील वाचनाचा नाही. इंग्लंडमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांसाठी भगिनी करीत असलेले कार्य पाहून त्यांनी त्यामागचे कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील या सर्वांत विद्वान मराठी वाचिकेला शास्त्र भिडले ते दुसरीच्या आवाजातून, एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आणि डोळ्यांसमोर चाललेल्या कार्याच्या संदर्भात.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर अधिकच वेगळी. पतीचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांचा १९००चा. मधल्या पाच वर्षांतील त्यांचे परिवर्तन ‘स्मृतिचित्रे’त ज्या रीतीने येते त्यात पुस्तकाला दुय्यम जागा आहे. अन्न, पाणी, भांडे, स्पर्श, सोवळे-ओवळे यांच्या तपशिलांतून ते परिवर्तन घडते. घरातील वाचनप्रसंगाचा नायक पती आहे; पत्नी त्याच शास्त्राशी स्वयंपाकघरात वाद घालते. बायबलशी असलेला संबंध एका घरातही एकसारखा नसतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मराठीत सापडणे कठीण.

३

शोमरोनी स्त्रीची ही कथाच आपण पुढच्या विवेचनासाठी हाती धरू. विहिरीवर एकटी आलेली स्त्री. तिच्या समाजाशी भांड्याचाही व्यवहार न ठेवणाऱ्या समाजातला पुरुष तिच्याजवळ पाणी मागतो. ती आश्चर्याने त्याला प्रश्न विचारते. आणि संभाषण जिवंत पाण्यापासून खऱ्या उपासनेच्या स्थानापर्यंत जाते. कथेचा सांगाडा इतका. आता ही कथा कोणाच्या कानावर कशी पडते ते पाहू.

शरणपूरची परंपरा अँग्लिकन. तेथे शास्त्र मुख्यतः सामुदायिक प्रार्थनापुस्तकाच्या चौकटीत येई. दिवसाचे नेमलेले पाठ, नेमलेली स्तोत्रे, ठरलेल्या प्रार्थना. शरणपूरमध्ये गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुलेही शिकत होती. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ साली आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला आणि त्याचे हृदय तेथेच पुरण्यात आले, तेव्हा दफनविधीचा पाठ वाचला तो वेनराइटने. नाशिकला मिळालेल्या साक्षरतेचे हे इतिहासप्रसिद्ध फळ आहे, आणि ते वाचन एकट्यासाठी केलेले नव्हते. जमलेल्यांसाठी, उच्च स्वरात, विधीचा भाग म्हणून ते झाले. प्रॉटेस्टंट वाचनाचे मौन आणि खासगी असे जे चित्र आपण रंगवतो, ते प्रॉटेस्टंटांच्या एका शाखेलाही पुरते लागू पडत नाही.

अहमदनगरकडे १८३१पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. तेथे प्रार्थनापुस्तकाची चौकट सैल आणि प्रवचनावर भर अधिक. गावच्या शाळेचा मास्तर हाच पुष्कळदा उपदेशकही असे. तो शास्त्र वाचून दाखवी आणि समजावून देई. मिशनच्या भाषेत ज्यांना ‘बायबल वूमन’ म्हणत, त्या स्त्रिया घरोघर जाऊन बायकांना शास्त्रातील गोष्टी वाचून दाखवत. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि या भिन्न परंपरा एका संस्थेत आल्या. संस्था एक झाली तरी ऐकण्याच्या सवयी लगेच एक होत नाहीत. नेमलेला पाठ ऐकणारा कान आणि उपदेशकाने निवडलेले वचन ऐकणारा कान, हे वेगवेगळ्या रीतींनी घडलेले असतात.

गावातल्या त्या श्रोत्यांसाठी विहिरीची कथा रूपक नव्हती. पाणवठे जातवार वेगळे होते. महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. खुद्द नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालला. अशा समाजात वरच्या समाजातील पुरुषाने खालच्या समजल्या गेलेल्या स्त्रीजवळ पाणी मागणे ही कथेच्या प्रारंभीची मामुली घटना राहत नाही. तीच कथेचा गाभा ठरते. सुशिक्षित वाचक ज्या वाक्यांपाशी थांबतो ती खऱ्या उपासनेविषयीची, कथेच्या उत्तरार्धातली. गावातला श्रोता पहिल्याच वाक्यापाशी थांबण्याची शक्यता अधिक. वाक्ये तीच, त्यांचे वजन ऐकणाऱ्याच्या पाणवठ्यावर ठरते.

कॅथलिक श्रोत्यापर्यंत हीच कथा तिसऱ्या मार्गाने पोचते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होई. १९६५च्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजाने शास्त्र सर्व श्रद्धावंतांना खुले असावे असे स्पष्ट म्हटले, उपासनेत लोकभाषा आल्या आणि रविवारच्या पाठांचे तीन वर्षांचे चक्र ठरले. या चक्रात एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक यांच्या शुभवर्तमानांतील बराचसा भाग क्रमाने येतो. योहान विशेषतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात. शोमरोनी स्त्रीची कथा पहिल्या वर्षाच्या उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी येते. प्राचीन काळापासून हा काळ स्नानसंस्काराच्या तयारीचा आहे. त्यामुळे कॅथलिक श्रोत्याच्या मनात विहिरीचे पाणी स्नानसंस्काराच्या पाण्याशी आपोआप जोडले जाते. त्याने पुस्तक उघडलेले नसेल, कथेचा अध्याय त्याला सांगता येणार नाही. परंतु ती कोणत्या ऋतूत येते हे त्याला ठाऊक असते. शास्त्र त्याच्यापाशी पृष्ठक्रमाने येत नाही, पंचांगाप्रमाणे येते. नियमाने मिस्सेला जाणाऱ्या माणसाने तीन वर्षांत तीन शुभवर्तमाने बऱ्याच अंशी ऐकलेली असतात. वर उल्लेखिलेल्या पाहणीच्या व्याख्येनुसार तो मात्र बायबलचा उपयोग न करणारा ठरतो.

४

ऐकण्याच्या पलीकडे आणखी दोन व्यवहार आहेत : गाणे आणि पाहणे. त्यांची मराठी परंपरा मुद्रित मराठी बायबलपेक्षा जुनी आहे. विल्यम कॅरीचा मराठी नवा करार सेरामपूरला १८११ साली छापला गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे, १६१६ साली, गोमंतकात निघाले. पुराणे सोडून आलेल्या नवख्रिस्ती समाजाला आपल्या भाषेत, आपल्या छंदात काही हवे होते; त्या मागणीला दिलेले हे उत्तर. गोव्याच्या चर्चमध्ये बायबलचा मराठी अनुवाद नव्हता, पण ओवीबद्ध पुराण होते आणि ते मोठ्याने वाचले जाई. अनुवाद आणि पुराण यांत मूलभूत फरक आहे. अनुवाद संहितेशी बांधलेला असतो. पुराण कथा पुन्हा सांगते, विस्तारते, श्रोत्याच्या शंका मध्येच घेते. या समाजाचा बायबलशी पहिला संबंध आला तो निरूपणाच्या रूपाने.

तीन शतकांनंतर प्रॉटेस्टंट टिळकांनी हीच वाट पुन्हा धरली. पुस्तक वाचून ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपल्या समाजाच्या हाती दिले ते अभंग, भजने आणि कीर्तने. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले आणि त्याचे बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केले. नाशिकजवळच्या जलालपूरची, लग्नाच्या वेळी जेमतेम अक्षरओळख असलेली मुलगी ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध महाकाव्य पूर्ण करते, ही घटना वाचक आणि श्रोता यांच्यातील भिंत किती कच्ची आहे हेच दाखवते. ऐकून आत्मसात केलेल्या शास्त्राचे तिने काव्य केले. आजही पुष्कळ मराठी प्रॉटेस्टंट घरांत शास्त्रातील प्रसंग आठवतात ते ‘उपासना संगीता’तील गीतांच्या चालींवर.

पाहण्याचा व्यवहार कॅथलिक समाजात अधिक ठळक. वसईच्या गावांतून उपवासकाळात होणारी ‘क्रूसाची वाट’ चौदा स्थानांची. तिच्यात येशूचे तीनदा पडणे आहे आणि आपल्या वस्त्राने त्याचे तोंड पुसणारी व्हेरोनिका आहे. चारही शुभवर्तमानांत यांपैकी काहीच नाही. ग्रंथनिष्ठ वाचक म्हणेल की हे शास्त्र नव्हे. परंतु चालणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने क्रूसमार्गाची कथा हीच आहे. व्हेरोनिकेमुळे तिच्यात एका सामान्य स्त्रीच्या करुणेला जागा मिळते. नाशिक रोडचा बाळ येशू आणि श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउली या यात्रांतही असेच घडते. जन्मकथेतील दोन-चार ओळी मूर्तीच्या रूपाने उभ्या राहतात आणि भाविक त्यांच्याशी बोलतो. यात्रेचा आकृतिबंध मराठी आहे, वारीशी नाते सांगणारा आहे. त्यातील ‘दर्शन’ हा शब्दही अनुवादित नाही.

आपल्या भाषेत ग्रंथाशी जडणाऱ्या संबंधांसाठी किती वेगवेगळे शब्द आहेत, याकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. वाचन, पठण, पारायण, श्रवण, कीर्तन, निरूपण, मनन. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची आहे. पाश्चात्त्य वाचककेंद्री सिद्धान्त ‘वाचन’ या एका शब्दात जे कोंबतो, ते मराठी परंपरेने फार पूर्वी वेगळे काढून ठेवले आहे. मराठी ख्रिस्ती समाजांच्या व्यवहाराचे वर्णन करण्यास ही परिभाषा आयात परिभाषेपेक्षा अधिक उपयुक्त ठरेल.

५

आतापर्यंत आपण ‘एकच बायबल, अनेक व्यवहार’ अशा भाषेत बोललो. ती भाषाही पूर्ण खरी नाही. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके, कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबित, यहूदिथ, मक्काबी इत्यादी पुस्तके एका समाजाच्या शास्त्रात आहेत, दुसऱ्याच्या नाहीत. शब्दही वेगळे. एकीकडे ‘पवित्र शास्त्र’, ‘बाप्तिस्मा’, ‘प्रभुभोजन’, ‘पाळक’; दुसरीकडे ‘स्नानसंस्कार’, ‘मिस्सा’, ‘धर्मगुरू’. शब्द उच्चारताच बोलणाऱ्याचे चर्च ओळखू येते.

शिवाय या सर्व अनुवादांची प्रमाण मराठी पुष्कळांच्या घरची भाषा नाही. वसईतील सामवेदी बोलणाऱ्या कुटुंबाला किंवा पेठ-सुरगाण्याकडील कोकणा घराला मुद्रित शास्त्राची मराठी काहीशी परकीच असते. हे अंतर रमाबाईंनी ओळखले होते. प्रचलित अनुवाद संस्कृतप्रचुर आहे, त्यातील शब्द हिंदू तत्त्वविचाराचे ओझे घेऊन येतात आणि साध्या स्त्रीला ते कळत नाहीत, या जाणिवेतून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. शास्त्राच्या अधिकृत भाषेवर एका स्त्रीने घेतलेला हा आक्षेप आहे, आणि तो तिने संपूर्ण अनुवाद करून नोंदवला.

त्याच केडगावला १९०५ साली जे घडले ते या अनुवादाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मुक्ती मिशनमधील मुली आणि स्त्रिया यांच्यात धार्मिक जागृतीची लाट आली. एकाच वेळी सर्वांनी मोठ्याने केलेल्या प्रार्थना, रडणे, साक्षी यांनी ती गाजली. भारतातील पेंटेकोस्टल परंपरेच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. एकाच आवारात, एकाच नेतृत्वाखाली, शब्दाशब्दाची छाननी करणारा अनुवाद आणि शब्दांच्या पलीकडे जाणारी प्रार्थना एकत्र नांदत होत्या. आजच्या स्वतंत्र मंडळ्यांत एखादे वचन संदर्भातून उचलून स्वतःच्या दुखण्याला, कर्जाला, कोर्टकचेरीला लावण्याची रीत दिसते. तिला ग्रंथनिष्ठ समीक्षक अडाणी म्हणेल. परंतु वचन आपल्यासाठीच बोलले गेले आहे ही धारणा टिळकांच्या आगगाडीतल्या वाचनातही होतीच. फरक प्रतिष्ठेचा आहे.

६

स्टॅन्ली फिशने १९८०च्या आपल्या पुस्तकात मांडलेली ‘अर्थनिर्णायक समूह’ ही संकल्पना येथे सहज सुचते. संहितेचा अर्थ तिच्यात दडलेला नसून समूहाच्या वाचनरीतीतून तो घडतो, हे फिशचे म्हणणे वरील उदाहरणांना लागू पडते. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९९३ साली याच्या पुढे जाऊन म्हटले की ‘शास्त्रपण’ हा ग्रंथाचा गुणधर्म नाही. ग्रंथ आणि त्याला शास्त्र मानणारा समाज यांच्यातील तो संबंध आहे. हा संबंध बदलतो तसे शास्त्रही बदलते.

तरीही फिशच्या संकल्पनेत दोन उणिवा जाणवतात. एक, त्याचे समूह फार बंदिस्त आहेत. प्रत्यक्षात लक्ष्मीबाई एका समूहातून दुसऱ्यात जाताना पहिल्या समूहाचे छंद बरोबर नेतात. नाशिक रोडच्या रांगेत कॅथलिकांबरोबर हिंदू भाविकही उभे असतात. दोन, त्याच्या मांडणीत सत्तेचा प्रश्न पुरेसा येत नाही. ‘प्रत्येक समाजाची आपली रीत’ असे म्हणून थांबले की ती रीत कोणी लादली हे विचारायचे राहून जाते. मौखिक परंपरेचा गौरव करताना हा धोका विशेष आहे. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्या श्रवणाचे कौतुक करणे सोपे. त्या कौतुकात नकाराचा इतिहास झाकला जातो. वसईच्या शेतकऱ्याने लॅटिन शुभवर्तमान पिढ्यान्‌पिढ्या ऐकले ते त्याने निवडले होते म्हणून नव्हे. गावच्या महार ख्रिस्ती आईने मुलाला मिशनच्या शाळेत घातले ते त्याने स्वतः वाचावे म्हणूनच. श्रवण कमी प्रतीचे नाही हे जितके खरे, तितकेच वाचनाची आस खरी आहे.

म्हणून एखाद्या समाजाचा बायबलशी किती संबंध आहे, हे विचारताना ‘किती वेळा वाचता’ या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. पुस्तक कोण उघडतो? त्यातला भाग कोण निवडतो? आणि ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाजागणिक भिन्न आहेत : पाळक, धर्मगुरू, पाठांचे चक्र, मिशनची शिक्षिका, मोबाइलवरचे दैनिक वचन. खरी कसोटी तिसऱ्या प्रश्नाची. त्या कसोटीवर पाहिले तर पुस्तक रोज उघडणारा परंतु ठरलेलाच अर्थ घोकणारा वाचक आणि मिस्सेत नुसता बसून राहणारा श्रोता फारसे वेगळे नाहीत. उलट, अनुवाद करून आक्षेप घेणाऱ्या रमाबाई, स्वयंपाकघरात वाद घालणाऱ्या लक्ष्मीबाई आणि अनुवादाच्या प्रस्तावना-टिपांतून मराठी संतपरंपरेशी संवाद साधणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो एकाच रांगेत येतात. दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ते ख्रिस्तेतर मराठी वाचकांपर्यंत पोचले. ज्या कॅथलिक समाजाला आपण न वाचणारा म्हणत होतो, त्यानेच अलीकडच्या काळातील हा महत्त्वाचा मराठी अनुवाद दिला.

दलित ईश्वरविज्ञानाचे एक प्रवर्तक अरविंद निर्मळ यांनी अनुवाद या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातील इस्राएलचे कबुलीवचन दलित ख्रिस्ती समाजाचे कबुलीवचन म्हणून वाचले. भटक्या, कोणीही नसलेल्या पूर्वजाची आठवण हे आपल्या श्रद्धेचे पहिले वाक्य असावे, असा त्या वाचनाचा आशय आहे. गावकुसाबाहेरच्या श्रोत्यांनी विहिरीच्या कथेत जे ऐकले असेल, त्याला येथे सैद्धान्तिक भाषा मिळाली. श्रवणाचे रूपांतर प्रतिवादात झाले.

शोमरोनी स्त्रीच्या कथेचाही तोच धडा आहे. ती वाचीत नाही. ती विहिरीवर उभी राहून प्रश्न विचारते, शंका काढते, दोन्ही समाजांच्या उपासनास्थानांचा वाद उपस्थित करते, आणि मग घागर तेथेच ठेवून गावाला सांगायला जाते. शुभवर्तमानातील हे एक प्रदीर्घ संभाषण आहे आणि ते तिच्या प्रश्नांमुळे पुढे सरकते. मराठी ख्रिस्ती घरांतील पुढची पिढी इंग्रजी माध्यमात शिकते आहे. मराठी शास्त्र तिच्या हातून सुटण्याची भीती वडीलधारे व्यक्त करतात. ती भीती अनाठायी नाही. पण पुस्तक हातात राहते की पडद्यावर जाते, यापेक्षा त्या पिढीला शास्त्राशी आपल्या भाषेत वाद घालता येईल का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाद घालण्याची भाषा गेली, तर वाचन उरूनही संबंध उरणार नाही. मराठी समीक्षेलाही हेच लागू आहे : मराठी बायबल आणि त्याचे श्रोते यांना ‘मिशनरी वाङ्मय’ या कप्प्यात बंद करून ठेवले तर मराठी वाचकाचा इतिहास अर्धाच लिहिला जाईल.